तोरणमाळच्या नाल्यात निळा-केशरी पक्षी दिसला, कोणता असेल?

तापीकाठ | ११ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी चोपड्याची. शाळेला सुट्टी लागली म्हणून सासूबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन दोन दिवस तोरणमाळला जाऊन आले. शहाद्याहून निघालो तेव्हा गाडीच्या काचेला हात लाववत नव्हता. सातपायरी घाटात दोन्ही बाजूंचा डोंगर करडा पडलेला, सागाला पान नाही, सालई उघडी उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीताखाई बघायला पायी निघालो. वाटेत एक नाला लागला. पाणी वाहत नव्हतं, पण दोन-तीन डबकी शिल्लक होती. वर जांभूळ आणि उंबराची गर्द सावली, काठाला बांबूची बेटं. आत शिरलो आणि एकदम गार वाटलं. सासूबाई तिथेच दगडावर बसल्या, म्हणाल्या, "मला इथंच राहू द्या, तुम्ही जा पुढं."

तेवढ्यात तो आवाज आला. तार छेडल्यासारखे बारीक, खणखणीत सहा-सात सूर, भरभर. मग थोडा थांबा, आणि पुन्हा तेच सूर. बऱ्याच वेळाने दिसला. चिमणीएवढाच, पण सडपातळ. पाठ निळी, कपाळावर तो निळा रंग जास्तच उजळ. छाती केशरी, पोट पांढरं. खालच्याच फांदीवर ताठ बसायचा, झटकन हवेत उडून काहीतरी टिपायचा आणि परत जवळच्या फांदीवर. धाकटा म्हणाला, "आई, याने केशरी बनियन घातलंय." फोटो हलला, म्हणून टाकत नाही. कुणी ओळखेल का?

पानवठा | ११ मे, रात्री १०.१५

ताई, वर्णन इतकं नीट केलंय की फोटोची गरज नाही. फक्त एक सांगा, केशरी रंग चोचीच्या खालपासून सुरू होत होता, की गळा निळा होता आणि केशरी छातीपासून सुरू होत होता?

तापीकाठ | ११ मे, रात्री १०.२२

चोचीच्या अगदी खालपासून. गळा पूर्ण केशरी. मुलांनाही विचारलं, दोघंही तेच म्हणतात.

पानवठा | ११ मे, रात्री १०.५१

मग हा टिकेलचा निळा माशीमार, नर. मराठीत काही जण त्याला नीलिमा म्हणतात. शास्त्रीय नाव सायोर्निस टिकेलिए. सॅम्युएल टिकेल या पक्षी अभ्यासणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यावरून हे नाव पडलं. एडवर्ड ब्लिथ यांनी १८४३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं.

गळ्याचा प्रश्न विचारला कारण याचा एक जवळचा भाऊबंद आहे, निळ्या गळ्याचा माशीमार. त्याचा गळा निळा असतो आणि केशरी रंग छातीपासून सुरू होतो. पण तो हिमालयात वीण करतो आणि आपल्याकडे हिवाळ्यात येतो. मे महिन्यात सातपुड्यात गात बसलेला निळा-केशरी पक्षी म्हणजे टिकेलच, हा बारमाही इथलाच. निळा रंग बघून लोक आणखी एका पक्ष्यात फसतात, काळ्या मानेच्या निळ्या माशीमारात. पण त्याच्या अंगावर केशरीचा ठिपकाही नसतो.

मादी याहून फिकी असते, तिचा निळा रंग राखाडीकडे झुकतो. ती शेजारीच असेल. पुढच्या वेळी नराकडे बघणं संपलं की त्याच्या आसपासच्या सावलीत बघा.

शिरपूरनी लेक | ११ मे, रात्री ११.०५

भाऊ, हाई पाखरू मी धाकली व्हतू तवयपासून आयकस, पन नाव माहीत नई व्हतं! अनेरच्या वरच्या अंगाला मामाचं शेत होतं. दिवेलागणीला सगळी पाखरं गप्प झाली तरी हा एकटा चालू असायचा. आता पुण्यात राहते. आवाजाचं वर्णन वाचलं आणि मामाच्या विहिरीचा काठ डोळ्यांपुढे आला.

पानवठा | १२ मे, सकाळी ७.३०

अगदी बरोबर निरीक्षण. अंधार पडू लागला तरी हा पक्षी किडे टिपत राहतो. दाट सावलीत राहणाऱ्याला कमी उजेडाची सवय असते.

लेन्सवाला | १२ मे, सकाळी ११.१८

तापीकाठ, फोटो हवा असेल तर सोपा उपाय सांगतो. मोबाईलवर याचा आवाज डाउनलोड करा, छोटा ब्लूटूथ स्पीकर झुडपात ठेवा. गेल्या जूनमध्ये मी एका देवस्थानाजवळच्या नाल्यात असं केलं. नर तीन फुटांवर येऊन बसला, पाऊण तास हलला नाही. जन्मातले सगळ्यात चांगले फोटो मिळाले.

पालचा गार्ड | १२ मे, दुपारी १.४०

लेन्सवाला दादा, मी यावल अभयारण्यात वनरक्षक होतो, आता निवृत्त. तुमचा राग धरून लिहीत नाही, पण त्या पाऊण तासात काय झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

एप्रिल ते ऑगस्ट हा यांच्या विणीचा काळ. एकेका नराचा नाल्याचा ठरावीक तुकडा असतो आणि तो गातो ते तुकड्यावरचा हक्क सांगायला. तुम्ही स्पीकर लावलात तेव्हा त्याला वाटलं की दुसरा नर घरात घुसलाय. म्हणून तो समोर आला. तो बसला नव्हता, भांडायला उभा होता. तेवढा वेळ त्याने किडे पकडले नाहीत, मादीला आणि पिल्लांना काही नेलं नाही. आणि ज्या शत्रूशी भांडतोय तो त्याला दिसतही नव्हता, हरतही नव्हता. जून म्हणजे त्याच्या घरात बहुधा अंडी नाहीतर पिल्लं असणार.

घरटं कुठे असतं तेही सांगतो. काठाच्या मातीत किंवा दगडात कपार असते, मुळांची जाळी लोंबत असते, तिच्यामागे. कधी झाडाच्या ढोलीत, कधी बांबूच्या बुडख्यात. आत बारीक गवत आणि तंतू, तीन ते पाच अंडी. आपल्या कमरेच्या उंचीवरही असू शकतं. फोटोसाठी पुढे-मागे होताना माणूस त्याच्यासमोर उभा राहतो आणि त्याला पत्ता नसतो. आपण गवत तुडवून वाट पाडली की पुढे मुंगूसही तीच वाट धरतं, हे मी स्वतः बघितलंय.

लेन्सवाला | १२ मे, रात्री ८.०२

काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. तो खूश होऊन गातोय असंच मी समजत होतो. त्या फोटोत चोच उघडी आहे, पिसं फुगवलेली आहेत. आता तो फोटो वेगळा दिसतोय. त्याखाली मी स्पीकरची युक्ती अभिमानाने लिहिली होती, ती आज काढून टाकली आणि का काढली तेही लिहिलं.

पालचा गार्ड | १२ मे, रात्री ८.२०

हे वाचून फार बरं वाटलं. आवाज न लावताही फोटो मिळतो. डबक्यापासून वीस-पंचवीस पावलं मागे बसा, अंगाशी हालचाल नको. पाण्यावर किडे असतात, तो आपणहून येतो. सुकी नदीच्या वरच्या नाल्यांत मी कित्येक दुपारी असाच बसलोय.

शहादेकर | १३ मे, सकाळी ९.१०

माझं थोडं विषयांतर. सातपुड्यातले पक्षी निघाले की रानपिंगळ्याचं नाव घ्यावंच लागतं. पक्षीअभ्यासक ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, १८८४ मध्ये डेव्हिडसन यांनी खानदेशात शेवटचा नमुना मिळवला आणि मग तो संपला असंच धरलं गेलं. २५ नोव्हेंबर १९९७ ला आमच्या शहाद्याजवळ पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबॉट यांना तो पुन्हा सापडला. म्हणजे ११३ वर्षं तो इथेच होता. त्यानंतर देशभरातून लोक येतात, पिंगळा बघतात आणि निघून जातात. नाल्यातल्या या छोट्या पाखरांकडे कुणी मान वळवत नाही, म्हणून या धाग्याचा आनंद झाला.

भूगोलाचा विद्यार्थी | १३ मे, दुपारी ४.३५

एक प्रश्न, आणि त्याचं माझ्याकडचं उत्तरही. सह्याद्रीत हा पक्षी असणं समजतं, तिथे धो धो पाऊस. पण आपल्या खानदेशात, जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तिथे सावलीत राहणारा पक्षी कसा?

सातपुड्याबद्दल एक जुनी कल्पना आहे. माशांचे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी ती १९४९ मध्ये मांडली. पूर्व हिमालयातल्या वेगवान ओढ्यांत राहणाऱ्या माशांचे जवळचे नातेवाईक थेट सह्याद्रीत सापडतात, मध्ये मात्र शेकडो किलोमीटर कोरडा प्रदेश. होरांचं म्हणणं असं की पूर्वी हवामान जास्त ओलं असताना विंध्य-सातपुड्याच्या रांगेने एक ओली वाट होती, जीव तिच्यावरून पश्चिमेला गेले आणि पुढे ती वाट वाळली. सालिम अली यांनीही त्याच सुमारास पक्ष्यांच्या बाबतीत हाच विचार मांडला. मलबारी शीळकरी कस्तूर मुख्यतः सह्याद्रीचा, पण सातपुड्यातही आहे. ते वाचलं तेव्हा आपले डोंगर मला नव्याने दिसायला लागले. आपण त्यांना वाळलेले, उन्हाळी डोंगर समजतो, आणि कधीकाळी ते दोन मोठ्या जंगलांमधला पूल होते असं कुणीतरी म्हणतंय.

पानवठा | १३ मे, रात्री ९.००

छान लिहिलंत. यात थोडी भर घालतो, कारण टिकेलला या कल्पनेचा पुरावा म्हणून उभं करता येणार नाही. हा काही फक्त उंच डोंगरातला पक्षी नाही. भारताच्या मोठ्या भागात, श्रीलंकेत, म्यानमारमध्येही आहे. सावली, थोडा ओलावा आणि किडे मिळाले की सखल भागातल्या जुन्या आमराईतही राहतो.

खरोखर डोंगरमाथ्याला बांधलेला छोटा गाणारा पक्षी बघायचा तर दक्षिणेत जावं लागतं. निलगिरी आणि आसपासच्या डोंगरांवर शोला नावाची बुटकी, दाट, धुक्यातली जंगलं आहेत. तिथे शोलाकिली राहतो, त्याच्या दोन जाती आहेत. पूर्वी त्यांना हिमालयाकडच्या नातेवाइकांच्याच प्रजातीत धरत. जनुकांचा अभ्यास झाल्यावर ते इतके जुने आणि वेगळे निघाले की २०१७ मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला ही स्वतंत्र प्रजातीच करावी लागली. एका डोंगरावरचा शोलाकिली मधली गरम दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर सहज जात नाही. प्रत्येक माथा त्याला बेटासारखा.

हे सांगायचं कारण, आपल्या नाल्यातला टिकेल मेमध्ये काहीसा तसाच राहतो. हिवाळ्यात त्याला इकडेतिकडे फिरता येतं, सागाखालीही गारवा असतो. पण मार्च ते जून सगळा डोंगर पानं गाळून बसतो तेव्हा राहण्याजोगी जागा उरते ती फक्त नाल्याची पट्टी. जांभूळ, उंबर, करंज, अर्जुनसादडा, बांबू. रुंदी कुठे वीस पावलं, कुठे पन्नास. आणि विणीची सुरुवात नेमकी त्याच दिवसांत. तेव्हा ताईंच्या सासूबाई जिथे बसल्या, तिथे पक्षी निघाला यात नवल नाही. दोघांना एकाच कारणासाठी ती जागा आवडली.

केळीवाला | १४ मे, पहाटे ५.५०

मी रावेर तालुक्यातला शेतकरी. पक्ष्यांतलं कळत नाही, पाण्यातलं कळतं, म्हणून लिहितो. सातपुड्याच्या पायथ्याला दगड-गोटे आणि वाळूचा जाड पट्टा आहे, भूजलवाले त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातले नाले या पट्ट्यावर उतरले की पाणी जमिनीत मुरतं आणि तेच आमच्या विहिरी-बोअरना लागतं. आमची केळी त्याच्यावर उभी आहे. माझ्या वडिलांच्या वेळची विहीर पायऱ्यांनी उतरून पाणी काढायची होती. आज त्याच वावरात बोअर किती खोल गेलंय ते सांगायला जीभ रेटत नाही.

वर नाल्याची झाडी गेली की पाऊस पडतो तो एका दिवसात गढूळ होऊन तापीत जातो, मुरत नाही. सावली असेल तर पाला साचतो, पाणी थांबतं, हळूहळू खाली येतं. तुम्ही पाखरासाठी जो नाला सांभाळायचा म्हणताय, तोच मला केळीसाठी हवा आहे. हा धागा मी आमच्या गटातल्या पाच-सहा शेतकऱ्यांना वाचून दाखवणार आहे.

धडगावकर | १४ मे, दुपारी १२.२५

मी अक्राणीतला, पावरा आदिवासी. झाडी का जाते यावर बोलायचं तर वणव्याचं नाव निघेल, आणि वणव्याचं निघालं की बोट आमच्याकडे येईल. म्हणून आधीच नीट सांगतो.

मोहाची फुलं रात्री गळतात, बायका-मुलं पहाटे वेचतात. पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून काही ठिकाणी झाडाखाली पाचोळा जाळतात, ही गोष्ट खरी आहे. तो विस्तव कधी पसरतो, हेही खरं. तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणूनही आग लावली जाते. पण घाटात गाडी थांबवून चूल मांडणारे, विडी टाकणारेही आग लावून जातात आणि त्यांचं नाव कुणी घेत नाही.

आमच्या पाड्यात चार वर्षांपूर्वी ठरवलं, मोहाखाली झाडू मारायचा, काडी लावायची नाही. आजी म्हणाली, आमच्या लहानपणी झाडूच होता, काडी नंतर आली. वनहक्क कायद्याने गावाच्या जंगलाची राखण गावाकडे आली तेव्हा ही गोष्ट सभेत बोलायला सोपी झाली. आता फेब्रुवारीत तरुण पोरं नाल्याच्या दोन्ही अंगांना पाचोळा हटवून जाळरेषा काढतात. आग वरून आली तरी नाल्यात उतरत नाही.

हा पक्षी? आहे ना, भरपूर आहे. पाड्यावर याला वेगळं नाव मी ऐकलेलं नाही. आजी त्याला नाल्यातलं पाखरू म्हणते आणि तिला त्याचा आवाज माझ्याआधी ऐकू येतो.

पालचा गार्ड | १४ मे, दुपारी २.१०

भाऊ, तुमच्या पाड्याला माझा नमस्कार. मी नोकरीत आग विझवत राहिलो, जाळरेषाही काढल्या, पण त्या रस्त्याच्या आणि कंपार्टमेंटच्या, म्हणजे जंगलाच्या आखलेल्या तुकड्यांच्या, कडेने. नाला धरून काढायचं आम्हाला सुचलं नाही. नाल्यात आग गेली की मोठी झाडं वाचतात, पण काठाची मुळं आणि पाचोळा जातो. पाचोळ्यात किडे असतात आणि मुळांमागे घरटं. झाड हिरवं दिसतं म्हणून माणसाला वाटतं काही झालं नाही.

तापीकाठ ताई, तुम्ही चोपड्याच्या. तोरणमाळपर्यंत जायची गरज नाही. तुमच्याकडून उत्तरेला तासाभराच्या आत सातपुड्याच्या कितीतरी दऱ्या आहेत. पाऊस लागला की एखादी निवडा आणि मुलांना घेऊन बसा. घरटं शोधू नका, ते दिसायचं असेल तर पक्षीच दाखवतो.

तापीकाठ | १४ मे, रात्री ९.३०

नक्की जाईन काका. मी एका पक्ष्याचं नाव विचारायला आले होते, आणि केळीपासून मोहापर्यंत ऐकायला मिळालं. सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी धडगावकरांच्या आजीचं वय विचारलंय.

धडगावकर | १४ मे, रात्री ९.४४

ऐंशीच्या पुढे. नक्की तिलाही माहीत नाही.

तापीकाठ | १६ जुलै, रात्री ८.५५

उशिरा लिहितेय, शाळा सुरू झाली. काकांनी सांगितल्याप्रमाणे जूनच्या शेवटापासून दर रविवारी आम्ही एकाच नाल्यावर जातोय. कुठला ते लिहीत नाही, सगळ्यांना कारण माहीत आहे. चोपड्याहून पाऊण तास.

पहिल्या रविवारी फक्त आवाज. दुसऱ्या रविवारी नर दिसला, मादी नाही. या रविवारी पाऊस थांबल्यावर आम्ही काठापासून लांब एका खडकावर बसलो होतो. मादी चोचीत हिरवी अळी घेऊन आली, एका फांदीवर थांबली, इकडे-तिकडे बघितलं आणि समोरच्या काठात मुळांच्या मागे गेली. बाहेर आली तेव्हा चोच रिकामी. मग नर आला, त्याच्या चोचीत पंखवाला काहीतरी किडा. मुलांनी वहीत रेघा मारल्या. पंचवीस मिनिटांत अकरा फेऱ्या, मादीच्या सात, नराच्या चार. जवळ गेलो नाही. धाकट्याला फार जायचं होतं. मोठीने त्याला काकांची पोस्ट आठवण करून दिली.

पालचा गार्ड | १६ जुलै, रात्री ९.१२

वही जपून ठेवा. तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, सगळं लिहा. वर्षानुवर्षं एकाच नाल्याची अशी वही फार थोड्यांकडे असते. पुढचा रविवार चुकवू नका, पिल्लं लवकर बाहेर येतात.

लेन्सवाला | १७ जुलै, सकाळी ८.३०

ताई, मीही पंचवीस पावलांवरून बसून पाहिलं. तीन तास. फोटो लांबून आलाय, पक्षी अंगठ्याएवढा दिसतो, पण त्याच्या चोचीत चतुर आहे आणि तो माझ्याकडे बघत नाहीये. हाच फोटो आता मी सगळ्यांना दाखवतो.

तापीकाठ | २४ जुलै, संध्याकाळी ७.४०

काल गेलो होतो. तासभर मुळांच्या मागे कुणीच गेलं नाही. मुलं हिरमुसली. निघताना डबक्याच्या वरच्या बांबूतून चिकचिक आवाज आला. बघितलं तर तपकिरी, अंगभर फिकट ठिपके असलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू. मग त्याच्या शेजारी दुसरं. नर आला, एकाच्या चोचीत काहीतरी घातलं आणि उडाला. मोठीने वहीत लिहिलं, "२३ जुलै, ढगाळ, पाणी गुडघाभर, पिल्लं दोन." सासूबाई या वेळी बरोबर होत्या. त्यांना लांबचं दिसत नाही, पण आधी त्यांनीच ऐकलं.